कॅप्टनबाईंचा अंगठा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोठ्या बहिणीला लिहिताना ‘काय गं’ने सुरुवात करतात का, म्हणून मागच्या वेळी तू माझे कान उपटले होतेस, तेव्हा हा घे साग्रसंगीत नमस्कार. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. मान दुखते, पण ती दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या सगळ्यांचीच दुखते, त्यामुळे तिचं कौतुक नाही. तू आठवडाभर राहिलीस आणि जाताना माझ्या स्वयंपाकघराला जी शिस्त लावलीस, ती तुझी गाडी सुटेपर्यंत टिकली. चमचे पुन्हा सगळ्या खणांत पसरलेत.

कामाचं विचारलं होतंस. अवकाशातल्या लढाईचा तो व्हिडिओ गेम आता लवकरच बाजारात येतोय आणि त्याआधी आमची तीन मिनिटांची कार्टून फिल्म यायची आहे. तू मागे म्हणालीस, ‘म्हणजे जाहिरातच ना रे?’ हो बाई, जाहिरातच. पण आमच्या दिग्दर्शिकेसमोर तो शब्द काढायची सोय नाही. गेममध्ये तशी गोष्ट काहीच नाही. यान चालवायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. दिग्दर्शिकेने त्यातून एक बाई काढली. यानाची कॅप्टन. तिची सगळी तुकडी संपली आहे, इंजिन बंद पडलंय, दिवे गेलेत. शत्रूची यानं अंधारात तिला हुडकत फिरताहेत आणि ही मेल्याचं सोंग घेऊन तोफेच्या खटक्यावर हात ठेवून बसली आहे. ती यानं पुरेशी जवळ आली की खटका ओढायचा. आधी ओढला तर ठावठिकाणा कळणार, उशीर झाला तर सगळंच आटोपणार.

माझ्या शेजारी बसतो तो स्फोटवाला. त्याच्याकडे सगळे धडाके, आगी, यानांचे तुकडे. माझ्याकडे आला हा एक हात. नुसता टेकलेला, वाट बघणारा. स्फोटवाला मला म्हणाला, ‘तुझं बरंय, तुला काहीच हलवायचं नाहीये.’ त्याला काय सांगणार? न हलणारा हात जिवंत दाखवणं हे या धंद्यातलं सगळ्यात किचकट काम.

तो हात कुणाचा आहे ते तुला माहीतच आहे! आम्ही काहीही काढण्याआधी ते स्वतः करून बघतो, त्याचा व्हिडिओ घेतो आणि मग एकेका चित्रावर थांबत त्यातली हालचाल उचलतो. एरवी मी माझाच हात वापरतो. तूच म्हणालीस, ‘तुझा हात म्हणजे मुळ्याची जुडी. बाईचा हात हवाय ना, मग माझा घे.’ मग मी तुला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, छत्री उलटी करून चिकटपट्टीने खुर्चीला बांधली आणि तिची मूठ म्हणजे खटका. तू विचारलंस, डोक्यावर पातेलं घालू का? तो भागही रेकॉर्ड झालाय. तुझा आवाज येतो, मग मी हसतो, मग कॅमेरा हलतो.

मग मी म्हटलं, ‘घट्ट धरू नकोस. बाई वाट बघतेय. हात मोकळा सोड.’ तू विचारलंस, ‘मोकळा?’ मी म्हटलं, ‘एकदम मोकळा.’

हा शॉट मी काल पूर्ण करून दिला. दिग्दर्शिका खूश आहे.

एक सहज विचारायचं होतं. त्या दिवशी तुला थंडी वाजत होती का? व्हिडिओत तुझा अंगठा थोडासा हलतोय. छत्रीच्या मुठीवर, पुढे-मागे, पुढे-मागे, एका तालात. विशेष काही नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती असं मला वाटतं, म्हणून विचारलं. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर काही विचारलं की तुझ्या दारावर नेमकं कोणीतरी येतं.

सवडीने कळव. भाऊजींना नमस्कार. भाचीला सांग, मामा तिच्यासाठी एक यान काढून पाठवणार आहे, बिनस्फोटाचं.

तुझा,
खोडरबर

*

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस की खिडकी बंद होती, थंडी अजिबात नव्हती, उलट माझ्या घरात उकडत होतं आणि मला असले फालतू प्रश्न सुचत असतील तर मी रजा घ्यावी. बरं.

पत्र या वेळीही टाइप केलेलं. त्याआधीचंही होतं. तेव्हा मी चेष्टा केली होती की आमची ताई आता साहेब झाली. तू म्हणतेस की दवाखान्यातला प्रिंटर फुकट आहे, मग हात का दुखवायचे. खरंय. पण ज्या बाईने मला हॉस्टेलवर बारा-बारा पानी पत्रं लिहिली आणि वर ‘तुझं अक्षर म्हणजे मेलेल्या मुंग्या’ असं सुनावलं, तिने मला छापील पत्र पाठवावं हे काही पचत नाही.

आणि हे तू शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंस, ते काय? ‘मी आता रक्त घेण्याच्या खोलीत नसते, नोंदणीच्या काउंटरवर असते. मीच मागून घेतलं. बदल हवा होता.’ ताई, तुझ्याकडूनच सुई टोचून घ्यायची म्हणून लोक बाहेर ताटकळत बसायचे. लहान मुलं तुझ्याकडे रडायची नाहीत. तुला त्याचा किती तोरा होता! एवढी मोठी गोष्ट कोणी शेवटून दुसऱ्या ओळीत लिहितं का?

असो. इथलं सांगतो.

मी तो अंगठा पुसायचा प्रयत्न केला. आमच्या संगणकावर प्रत्येक हालचालीची एक रेघ दिसते. हात हलला की रेघ वर-खाली होते. अंगठ्याची ती रेघ धरून सरळ ओढली की अंगठा शांत. काम चुटकीसरशी होतं. झालंही. हात छान, गप्प, देखणा दिसायला लागला. मी तो दिग्दर्शिकेला दाखवला.

ती म्हणाली, ‘अंगठा कुठे गेला?’

‘जरा साफ केला.’

‘कुणी सांगितलं तुला? अरे, तो अंगठा म्हणजे सगळी फिल्म आहे. बाई घाबरलीय, पण तिला वाटतंय ते कुणाला दिसत नाहीये. आहे तसा परत टाक.’

‘जास्त वाटतोय तो.’

‘गेम कंपनीच्या माणसांनी तोच शॉट पुन्हा पुन्हा लावून बघितला. पोस्टरवर चेहरा नको, हात घ्या म्हणाले.’ मग तिने चष्मा वर केला आणि विचारलं, ‘तुला सुचलं कुठून हे?’

मी म्हटलं, ‘सहज.’

मला सुचलेलं नव्हतंच, ताई. आमच्या कामाची ही एक खोड आहे. व्हिडिओतून उचलताना आधी हात कॉपी करतो आणि डोकं मागून येतं. मी तुझा अंगठा चित्रामागून चित्र उतरवून काढला, इथे जरा वर, इथे जरा खाली, आणि काय उतरवतोय ते माझ्या ध्यानातच आलं नाही. शॉट देऊन टाकल्यावर सगळ्यांबरोबर मोठ्या पडद्यावर बघितला. बाई अंधारात बसलेली, बाहेर यानं घिरट्या घालताहेत आणि तिचा अंगठा हलतोय. स्फोटवाला हळूच म्हणाला, ‘बाप रे.’ आणि तेव्हा मला कळलं, तो अंगठा मी आधी पाहिला होता. तुझ्या हातावर नव्हे.

सहज आठवलं म्हणून लिहितो, बाबांचं दुकान तुला किती आठवतं? मला तो पांढरा कपडा झटकण्याचा आवाज आठवतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरायचा तो. दाढी करताना त्यांचा हात दगडासारखा स्थिर असायचा. थरथरायचा तो दुसरा, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर नुसता टेकवलेला. सगळ्यात आधी कळलं ते त्या शाळामास्तरांना, कारण खांदा त्यांचा होता. ते हसून म्हणाले होते, ‘काय हो, आज गारठा आहे का?’ आणि बाबाही हसून म्हणाले, ‘आहे थोडा.’

मी पण तुला थंडीचंच विचारलं. आपल्या घरात सगळ्यांना हेच सुचतं वाटतं.

जाऊ दे. तू जेवत जा नीट. भाचीचं यान अर्धं झालंय.

तुझा,
खोडरबर

*

११ मार्च

ताई,

आज नमस्कार वगैरे राहू दे. रागव हवं तर.

फिल्म मागच्या आठवड्यात बाहेर आली. तीन मिनिटांच्या जाहिरातीवर लोकांनी एवढं बोलावं याचं आम्हालाच नवल वाटतंय. स्फोटवाला रुसलाय. त्याने सबंध आरमार उडवून दिलं आणि लोक बोलताहेत ते एका अंगठ्याबद्दल. कोणीतरी नुसता तेवढाच तुकडा कापून पुन्हा पुन्हा फिरणारा केलाय. रस्त्यावर आमच्या ऑफिसच्या समोर पोस्टर लागलंय, दोन मजले उंच. रोज सकाळी कामावर जाताना मला तुझा हात दिसतो. मी दुसऱ्या फुटपाथने जायला लागलोय.

तू बघू नयेस म्हणून मी तुला फिल्मची लिंक पाठवली नव्हती. विसरलो असं दाखवणार होतो. पण भाची कसली थांबतेय! काल संध्याकाळी तुझा मेसेज आला. एवढाच: ‘पाहिलं. कॅप्टनबाईंचा अंगठा छान जमलाय.’

तो वाचल्यापासून मी धड बसू शकलेलो नाही. कामावर गेलो नाही. खुर्चीवर बसलो, उठलो, चहा केला, तो तसाच गार झाला. मग तो मूळ व्हिडिओ पुन्हा लावला, तुझा. या वेळी हात झाकला आणि नुसता आवाज ऐकला. पातेल्याचा विनोद. माझं हसणं. मग मी म्हणतो, हात मोकळा सोड. मग जरा वेळ काहीच नाही. मग तू म्हणतेस, ‘मोकळा?’

मी इतके दिवस समजत होतो की तू नीट कळावं म्हणून विचारलंस. नाही ना गं? तू विचार करत होतीस. त्या आठवड्यात तू हात मोकळा असा कधी सोडलाच नव्हतास. आता सगळं डोळ्यांसमोर येतंय. कप दोन्ही हातांनी धरायचीस. टीव्ही बघताना हात मांडीखाली घेऊन बसायचीस. गप्पा मारताना पदराचं टोक, नाहीतर माझी पेन्सिल, काहीतरी कायम हातात. चमच्यांचे खण तू तीनदा लावलेस, आणि मी समजलो की बहिणीला स्वच्छतेचा कंड आहे. हात कामात असला की गप्प असतो, आणि हे आपल्या दोघांइतकं कुणाला ठाऊक असणार? बाबा शेवटी शेवटी दिवसभर त्याच एका वस्तऱ्याला धार लावत बसायचे. दाढीला कुणी आलेलं नसायचं.

आणि मग तूच म्हणालीस, माझा हात घे.

ताई, तू मला मुद्दाम दाखवलंस का?

तुझा भाऊ पोटासाठी काय करतो, तर माणसांचे हात एकेका चित्रावर थांबवून बघतो. भाऊजींना दिसलं नसतं. दवाखान्यातल्या कुणाला तू दिसू दिलं नसतंस. तोंडाने सांगणं तुला जमलं नाही. आईलाही जमलं नव्हतं. बाबांनंतर आत्याचाही हात तसाच हलायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते ना, तुमच्या घरात आहे हे, मुलांवर लक्ष ठेवा. आई असेपर्यंत ते वाक्य आपल्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही. म्हणून तू छत्रीची मूठ धरलीस आणि मी म्हणालो तसा हात सोडून दिलास. आणि मी काय केलं? खिडकी उघडी होती का म्हणून विचारलं. मग ती रेघ सरळ करायला गेलो. तू मला लहानपणी खोडरबर म्हणायचीस, चित्र चुकलं की भोक पडेपर्यंत घासतो म्हणून. अजून तेच करतोय.

मला भीती वाटतेय. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. इतकी भीती मला बाबांच्या वेळीही वाटली नव्हती, कारण तेव्हा घाबरायचं काम तू करत होतीस. दुकानात शेवटच्या दिवसांत तू शाळेतून थेट जायचीस, टॉवेल धरून उभी राहायचीस. मला वाटायचं तू मदत करतेस. तू गिऱ्हाइकाच्या आणि त्या हाताच्या मध्ये उभी राहायचीस. आणि ज्या दिवशी वस्तऱ्याचा हातही हलला आणि एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली रक्त आलं, त्या दिवशी बाबांनी शटर ओढलं आणि चावी तुझ्या हातात दिली, माझ्या नाही.

म्हणूनच तू सुया सोडल्यास, हेही आता कळलं. टोचताना तुझा हात हलणार नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. पण टोचायच्या आधी शीर सापडेपर्यंत थांबायचं असतं ना, तेवढाच वेळ. कुणीतरी ‘आज गारठा आहे का’ म्हणायच्या आत तू उठून काउंटरवर गेलीस.

मी माझाही हात शूट केला. खुर्ची तीच, छत्री तीच. मोकळा सोडून बसलो आणि मग एकेक चित्र बघितलं. हलला नाही. एवढं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो, आणि मग लगेच तुझा हात आठवला. त्या हसण्याची मला फार लाज वाटते. पण ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आता आपल्यात काही झाकायचं नाही असं ठरवलंय. माझा एकट्यानेच ठराव पास झालाय, तू नंतर सही कर.

फिल्मच्या शेवटी काय होतं ते तू पाहिलंस. ती खटका ओढते आणि पडदा पांढरा होतो. ती वाचली की नाही ते आम्ही दाखवलेलं नाही, कारण लोकांनी गेम विकत घ्यावा. मी दिग्दर्शिकेला विचारलं, ती वाचते ना? ती म्हणाली, ‘मला काय माहीत!’ मी तिच्यावर उगीचच चिडलो.

बाबा उशिरा गेले डॉक्टरकडे, चावी दिल्यावर. डॉक्टर म्हणाले होते, आधी यायला हवं होतं. तू अंधारात दिवे बंद करून बसू नकोस. तू तिथे बसलीस तर मला इथे काही सुचत नाही.

तर आता ऐक. पुढच्या शुक्रवारी मी तुझ्याकडे येतोय. रजा टाकली आहे. तुझ्या दवाखान्यातल्या कुणाला कळू नये म्हणून दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोघांच्या नावाने. माझं नाव आधी आहे, म्हणजे तुला बाहेर खुर्चीवर बसून ‘मी नुसती भावाबरोबर आलेय’ असं सांगता येईल. माझं झालं की तुला आत यावं लागेल. तू आली नाहीस तर मी आत आरडाओरडा करीन. मला ते येतं, तुला ठाऊक आहे. भाऊजींना तू आधी सांगायचं की मी, ते तू ठरव. पण शुक्रवार संपेपर्यंत त्यांना कळलेलं असेल.

डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत नाही. कदाचित ते म्हणतील की हे ते नव्हेच, आणि मग तू मला जन्मभर टोमणे मारशील. मार. मी त्यासाठी काहीही द्यायला तयार आहे. आणि ते तेच असलं, तर बाहेर बसायच्या बाकावर मी तुझा हात धरून बसेन. हलला तर हलू दे. मला काय त्या मास्तरांसारखं हसून गारठ्याचं विचारायचंय?

तोवर मला एक ओळ पाठव. ‘ये’ एवढं लिहिलंस तरी पुरे. पण टाइप करू नकोस, ताई. हात मोकळा सोड आणि पेनाने लिही. अक्षर कसंही वेडंवाकडं येऊ दे. मी एकही रेघ सरळ करणार नाही.

तुझाच,
खोडरबर